अठरा रविवारांचा अबोला

नारायण पेठेतल्या 'एकाग्र अभ्यासिके'त शिरण्याआधी दीपमालाने दारावरच्या पाट्या मोजल्या. नऊ निघाल्या. चपला कुठे काढाव्यात, कुठे काढू नयेत आणि काढलेल्या कुठे ठेवू नयेत, एवढ्यालाच तीन खर्ची पडल्या होत्या. चौथी होती: 'मोबाईलवर बोलायचे असल्यास बाहेर. बाहेर म्हणजे गल्लीत. पायरी आत धरली जाईल.' आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत जाड अक्षरांत: 'नियम सर्वांना सारखे. मालकांनाही.'

गल्लीत लावलेल्या स्कूटरींवर चार-पाच पोरं टेकून बसली होती आणि जून महिन्याच्या उन्हात घरी फोन लावत होती. एक जण कानात बोट घालून "आई, जेवलो मी, जेवलो" असं ओरडत होता. जेवलेला दिसत नव्हता.

दीपमाला सतरा वर्षांची. दहावीत गणिताच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर "तुला काही कळतं का गं?" असं विचारलं, तेव्हा तिने "तुम्हाला कळतंय असं वाटत नाही" असं उत्तर दिलं होतं, आणि माफी मागायला लागू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून शाळेतच गेली नव्हती. तेव्हापासून ती बुधवार पेठेत मुनव्वरचाचांच्या दुकानात राउटर दुरुस्त करायची. ज्या गिऱ्हाइकाला चाचा स्वतः टरकायचे, तिथे ते दीपमालाला पाठवायचे. "नारायण पेठ में एक बुजुर्ग हैं," आज ते म्हणाले होते, "तुम दोनों एक ही मिट्टी के बने हो. जा, मिलके आ."

ते बुजुर्ग, म्हणजे महिपतीकाका, टेबलामागे बसले होते. सत्तरीचे असावेत. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यालाही तीच.

"मी दुकानातून माणूस मागवला होता," ते म्हणाले.

"त्यांच्याकडे सध्या एवढंच शिल्लक होतं."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. उत्तर आवडलं असावं. बस म्हणाले नाहीत, पण हाकललंही नाही.

"ते बघ," त्यांनी कपाटावर लुकलुकणाऱ्या काळ्या पेटीकडे बोट केलं. "फायरवॉल. माझ्या भाच्याने जानेवारीअखेर बसवून दिली. हिंजवडीत असतो तो. इथल्या मुलांनी इंटरनेटवर वाचावं, व्याख्यानं ऐकावीत, माझी ना नाही. पण इंटरनेटवरून बोलणं बंद. आता परवा तो रविराज, यवतमाळचा, माझ्याच वायफायवरून आईशी बोलताना सापडला."

"आईशी बोलत होता?"

"सरळ बोलत होता," काका म्हणाले, 'सरळ सुरा खुपसत होता' अशा सुरात. "भिंतीला भोक आहे. ते बुजव. आणि दीडच्या आत उरक. दीडला फोन येतो. मग मी जेवतो. मग चारपर्यंत मी कोणाचाच नसतो."

दीपमालाने लॅपटॉप उघडला. काकांनी तिला भिंतीकडे तोंड करायला लावून एका बोटाने पासवर्ड टाकला. भिंतीकडे तोंड केल्यामुळे तिला एक गोष्ट दिसली, जी एरवी दिसली नसती. कोपऱ्यात एक लाकडी पाळणा होता. त्यात हजेरीची रजिस्टरं रचली होती आणि वर वर्तमानपत्र टाकलं होतं. पण पाळण्याला ताजं पॉलिश होतं, कड्या नव्या होत्या. रजिस्टरं ठेवायला कोण पाळणा पॉलिश करून आणतं?

तिने विचारलं नाही. फक्त म्हणाली, "दीडला कोणाचा फोन?"

"मुलीचा. भाग्यश्रीचा. जर्मनीहून. दर रविवारी." काकांनी टेबलावरच्या काळ्या फोनवर हात ठेवला. छोटा पडदा असलेला, वायरवाला इंटरनेटचा फोन. भाग्यश्रीने जानेवारीत येताना आणून जोडून दिला होता. "बोलत नाही ती माझ्याशी."

"मग फोन कशाला करते?"

"बोलत नाही हे सांगायला."

दीपमालाचा हात कळफलकावर थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे घंटी वाजते. मी उचलतो. मी 'बोल' म्हणतो. पलीकडून अक्षर नाही. दोन मिनिटं फोन कानाला लावून गप्प बसते, मग ठेवते. अबोला धरलाय. हट्टी आहे. आईवर गेली."

भिंतीवर भाग्यश्रीच्या आईचा हार घातलेला फोटो होता. बाई बिचारी हसत होती. उत्तर द्यायची सोय नव्हती.

"भांडण कशावरून झालं?"

"तुझं काम वायफायचं आहे ना?"

"हो. ते चाललंय. तोंड रिकामं आहे."

काकांनी सांगितलं नसतं. पण आज त्यांना कोणाला तरी सांगायचं होतं आणि जेवणाचा डबा अजून यायचा होता. जानेवारीत भाग्यश्री आली. रात्री गल्लीत थंडीत उभं राहून फोन करणारी पोरं तिने पाहिली. म्हणाली, बाबा, आतली मागची खोली द्या की त्यांना बोलायला. काका म्हणाले, तू तुझ्या घरात हवं त्याला बोलायला लाव. ती म्हणाली, मग हे माझं घर नाही का? काका म्हणाले, नाही. ती दोन दिवस आधीच विमानात बसली. काकांनी त्याच आठवड्यात भाच्याला बोलावलं आणि जी पोरं वायफायवरून हळू आवाजात बोलायची, त्यांचंही बंद करून टाकलं.

"वा," दीपमाला म्हणाली. "म्हणजे ती जिंकू नये म्हणून चाळीस पोरांना गल्लीत काढलंत."

"आणि आता हे वाच." काकांनी बटणांचा मोबाईल पुढे केला. "वाचता येतं ना? की तेही शाळेबरोबर सोडलंस?"

शाळेचं त्यांना चाचांनीच सांगितलं असणार. दीपमालाने दात खाल्ले आणि मेसेज वाचला.

'बाबा, तुम्ही दर वेळी फोन उचलता आणि एक शब्द बोलत नाही. मी एकटीच बडबडत बसते. सातवा महिना लागला. पुढच्या आठवड्यानंतर डॉक्टर मला विमानात बसू देणार नाहीत. रविवारी शेवटचा फोन करते. बोललात तर बाळंतपणाला तिकडे येते. नाही बोललात तर जे समजायचं ते समजेन.'

"आज तो रविवार," काका म्हणाले. आवाज कडकच होता, पण हाताने ते फोनची वायर सरळ करत होते, जी सरळ होणारी नव्हती. गुंडाळीची होती.

"ही तर म्हणते, मी बडबडते."

"टोमणा आहे तो!" काका जवळजवळ कौतुकाने म्हणाले. "अठरा रविवार एक अक्षर नाही, आणि म्हणे बडबडते. आमच्या घराण्यात टोमणे चांगले मारतात. तिला मी 'चुकलो' म्हणायला हवंय. तेच तिचं 'बोलणं'. पण मीही तिचा बाप आहे. उत्तर दिलं."

"काय दिलं?"

त्यांनी दाखवलं. 'तुझा गोड आवाज ऐकून कान तृप्त होतात. असाच लोभ असावा.'

दीपमालाने ते दोनदा वाचलं.

अबोल्याच्या बाबतीत तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. येरवड्यात एका खोलीच्या घरात ती आणि तिची आई वेणूबाई तीन आठवडे एकमेकींशी बोलत नव्हत्या, दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसायचा फॉर्म भरण्यावरून. आई ताट सरकवायची, ही भिंतीला सांगायची की मीठ कमी आहे, आई भिंतीला सांगायची की मग स्वतः कर. अबोला धरलेलं माणूस भांडी आपटतं, दार आपटतं, दुसऱ्याच्या मार्फत टोचून बोलतं. पण परदेशातून दर रविवारी ठरल्या वेळी फोन लावून दोन दोन मिनिटं गप्प? एवढा पेशन्स अबोल्यात नसतो. एवढा पेशन्स फक्त बोलणाऱ्या माणसात असतो, ज्याला समोरून उत्तर येत नाहीये.

तिने टेबलाखाली वाकून काळ्या फोनची वायर पाहिली. वायर भिंतीला धरून गेली, कपाटावर चढली आणि थेट त्या लुकलुकणाऱ्या पेटीत शिरली.

"काका," ती वर येत म्हणाली, "हा फोन कुठून चालतो माहितेय?"

"इंटरनेटवरून. फुकट पडतो."

"आणि इंटरनेटवरून बोलणं कोणी बंद केलं?"

काकांनी फोनची वायर पुन्हा सरळ करायला घेतली. कळलं नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

दीपमालाने फोनच्या पडद्यावर कॉलची यादी काढली. रविवार, दीड. रविवार, दीड. एक मिनिट पन्नास. दोन मिनिटं पाच. सगळ्यांत लांब दोन मिनिटं दहा. मग तिने शेवटच्या कॉलचा तपशील उघडला. हा फोन आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पाठवायचा आणि तिकडून आलेले जोडायचा. त्या तुकड्यांचा हिशोब तिथे होता. पाठवले: सहा हजार. मिळाले: शून्य.

"हे शून्य बघा. तिचा आवाज इथवर पोचलाच नाही. आणि तुमचे सहा हजार तुमच्याच पेटीने अडवले. तुम्ही इकडे 'बोल' म्हणताय, ती तिकडे 'बाबा बोला' म्हणतेय, आणि मधे तुमच्या भाच्याची भिंत."

"मग घंटी कशी येते?"

"घंटी पुढच्या दाराने येते. वेबसाइटी येतात तिथूनच. ते दार उघडं आहे. आवाजाचा रस्ता वेगळा, मागच्या बोळातून. तो बोळ तुम्ही बुजवलाय. म्हणून वाजतो, उचलता येतो, सेकंद पळतात, फक्त ऐकू येत नाही."

"आणि तो रविराज कसा बोलला?"

"त्याच्या ॲपने आवाजाला वेबसाइटचे कपडे घातले आणि पुढच्या दाराने काढलं. ॲपं असतात तशी हुशार. तुमच्या या फोनला ती अक्कल नाही. तो नियम पाळतो."

"भाचा अभिनव इंजिनिअर आहे," काका म्हणाले. आता आवाजात तेवढा दम नव्हता.

"म्हणूनच इतकं पक्कं बसवलंय."

घड्याळात सव्वा वाजला होता. कोणीतरी टेबलाच्या कडेवर डबा ठेवून गेलं. काका डब्याकडे बघेनात.

"सोपं आहे," दीपमाला म्हणाली. "एवढ्या एका फोनला सूट देते. पाच मिनिटांचं काम."

"नाही."

"काय नाही?"

"बाहेर पाटी वाचलीस? मालकांनाही. मी स्वतः रंगवलीय. चाळीस मुलं गल्लीत उभी राहणार आणि मी इथे पंख्याखाली बसून मुलीशी बोलणार? उद्या कोणत्या तोंडाने दंड लावू?"

"मग सगळ्यांनाच उघडा!"

"म्हणजे तिचं बरोबर होतं असं होईल."

"होतंच की!"

"तू तुझं काम कर."

"माझ्या मोबाईलवरून लावून देते, नंबर द्या."

"दुसऱ्याच्या फोनवरून? आणि मी का करायचा? फोन तिने करायचाय."

दीपमालाचं टाळकं सटकलं. ते तसंही फार काळ जागेवर राहत नसे. "अहो, एक बाई पोटात बाळ घेऊन अठरा रविवार एका पेटीशी बोलतेय! आणि तुम्ही तिला लिहिता, कान तृप्त होतात! चोळा मीठ! आणि तो पाळणा? रजिस्टरं झोपवायला आणलाय का? त्यांना नवीन कड्या लागतात? बसा तुमच्या पाट्या घेऊन. दहावी पाटी रंगवून ठेवा तिथं, 'नातवंडांनी आवाज करू नये'. म्हणजे प्रश्नच मिटला."

काकांनी शर्टाची कॉलर नीट केली. चेहऱ्याची इस्त्री मात्र मोडली होती.

तिने बॅग उचलली. लॅपटॉप बंद करायला हात घातला आणि फोन वाजला. दीडला दोन मिनिटं कमी होती. भाग्यश्रीचाही धीर सुटला असावा.

काकांनी उचलला. "बोल," ते म्हणाले.

पडद्यावर सेकंद पळायला लागले. काका फोन कानाला घट्ट लावून बसले. मग त्यांनी पहिल्यांदाच, बहुधा अठरा रविवारांत पहिल्यांदाच, दुसरा शब्द उच्चारला. "भाग्यश्री." मग तिसरा. "अगं, मी बोलतोय." मग मोठ्याने, "मी बोलतोय!"

दीपमालाने तपशिलाचं बटण दाबून पडदा त्यांच्याकडे वळवला. पाठवले: दीड हजार. अठराशे. दोन हजार. मिळाले: शून्य. काकांनी चष्मा वर केला आणि त्या शून्याकडे पाहिलं. आता या क्षणी तिकडे कोणीतरी काहीतरी बोलत होतं आणि ते इथे शून्य म्हणून उतरत होतं.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"एकट्या तुम्हाला सूट द्यायची तर नियम लिहावा लागतो. घाई केली तरी तीन मिनिटं." तिने पळते सेकंद पाहिले. एक मिनिट सव्वीस. "ती दोन मिनिटं दहाच्या वर कधीच थांबलेली नाही. सगळ्यांना उघडायचं असेल तर एक टिचकी."

एक मिनिट एकतीस.

काकांनी पाळण्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून अभ्यासिकेत, जिथे चाळीस डोकी पुस्तकांत होती आणि ऐंशी कान इकडे.

एक मिनिट अडतीस.

"मार टिचकी," ते म्हणाले.

तिने मारली. पेटीवरचा एक लाल दिवा हिरवा झाला. क्षणभर काहीच झालं नाही. मग शून्य हललं. चाळीस. नव्वद. दोनशे. आणि फोनमधून, वाक्याच्या मधूनच, एका बाईचा थकलेला आवाज आला, इतका मोठा की दीपमालालाही ऐकू गेला.

"...तर मला कळलं, बाबा. आता मी परत नाही विचारणार. बीपीची गोळी तेवढी वेळेवर घ्या. ठेवते."

"ठेवू नकोस!"

तिकडे एकदम शांतता. दीपमालाने घाबरून पडदा बघितला. आकडे वाढत होते. ही खरी शांतता होती.

"बाबा?"

"मग कोण? अभ्यासिकेचा वॉचमन?"

पलीकडून हुंदका येईल असं दीपमालाला वाटलं. आला तो आवाज वेगळाच होता. "अठरा रविवार! अठरा रविवार तोंडाला कुलूप लावून बसलात? आणि वर लिहिता, कान तृप्त होतात? लाज वाटते का?"

"मला विचारतेस? मी दर वेळी 'बोल' म्हणत होतो!"

"कुठे म्हणत होतात?"

"भिंतीला!"

"कोणती भिंत?"

"मी बांधली ती! तुझ्यामुळे!"

"माझ्यामुळे?"

"तूच म्हणालीस ना, मुलांना बोलू द्या. म्हणून बंद केलं!"

दीपमाला मधे हात हलवत होती, हळू, हळू. पण जानेवारीपासून तुंबलेलं होतं. दोघं एकमेकांचं वाक्य संपू देत नव्हते. समेट होतोय की दुसरं भांडण सुरू होतंय ते कळायला मार्ग नव्हता, आणि दोघांच्याही आवाजात जी खुशी होती ती लपत नव्हती.

दारावर टकटक झाली. एक काटकुळा पोरगा उभा होता, हातात पेन्सिल, ओठांवर बोट.

"काका," तो कुजबुजला, "हळू बोला ना जी. पुढच्या रविवारी पेपर हाय. ते पाटी..." त्याने अदबीने चौथ्या पाटीच्या दिशेने पेन्सिल दाखवली.

रविराज. आईशी बोलताना सापडलेला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. दीपमालाला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण काका फोनमध्ये म्हणाले, "थांब. नियम आहे. बाहेर जाऊन बोलावं लागतं," आणि उठले. फोन भिंतीला वायरने बांधलेला, तो नेता येत नव्हता. मग त्यांनी नुसता रिसीव्हर घेतला, गुंडाळीची वायर ताणत ताणत खिडकीपर्यंत गेले, खिडकी उघडली, आणि कंबरेपासून वरचा महिपती गल्लीत काढला. उरलेला आत राहिला. तोंड गल्लीत, म्हणजे नियम पाळला गेला.

स्कूटरींवरची पोरं दचकून उठून उभी राहिली.

"बसा, बसा," काका त्यांना म्हणाले. "मीही फोनवरच आहे."

रविराज दीपमालाकडे वळला. "ताई, माझं ते भोक बुजवलं का तुमी?"

"भोक नाही राहिलं," ती म्हणाली. "भिंतच नाही."

त्याला क्षणभर काही कळेना. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि आत न जाता पायरीकडे पळाला.

दीपमालाने लॅपटॉपपाशी जाऊन खिडकीच्या दिशेने विचारलं, "काका, तुमचा फोन झाला की परत बंद करायचं का हे?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त आत राहिलेला एक हात पाठीमागे झटकला. त्याचा अर्थ 'नको' होता की 'चालती हो', ते तिला नक्की कळलं नाही. तिच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच निघत होता. तिने लॅपटॉप मिटला, डबा टेबलाच्या कडेवरून आत सरकवला आणि निघाली.

गल्लीत आली तेव्हा महिपतीकाका खिडकीची चौकट एका हाताने धरून डोळे मिटून ऐकत होते. सात-आठ पोरं आजूबाजूला उभी राहून आपण ऐकत नाही असं दाखवत होती.

"गुरुवारचं नको," काका म्हणत होते, "गुरुवारी विमानतळावर यायला रिक्षा मिळत नाही... का म्हणजे? मिळत नाही, मला माहितेय... बुधवारचं काढ. येतो मी घ्यायला."

थोडं थांबून ते एकदम खेकसले.

"पाळणा? कसला पाळणा? रजिस्टरं ठेवायला आणलाय!"